आरसी बुकात नसलेली गाडी

२०२३च्या एप्रिलमध्ये आमच्या मारुती ८००चं आरसी तिसऱ्यांदा नूतनीकरणाला आलं. गाडी १९९८ची. नंबर एमएच-३६, म्हणजे भंडाऱ्याचा, कारण ती घेतली तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता. तो झाला १ मे १९९९ला. नवीन मुलांना हे सांगितलं की ती आधी गाडीकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. पूर्वी त्याचं शुल्क ६०० रुपये होतं, १ एप्रिल २०२२पासून ते ५,००० झालं. एवढे पैसे भरायचे तर गाडी नापास व्हायला नको, म्हणून आदल्या रविवारी मी अंगणात वही घेऊन बसलो आणि यादी केली: या गाडीत कंपनीने न बसवलेलं काय काय आहे? काय काढायचं, काय ठेवायचं?

अकरा वस्तू निघाल्या. समोरचा लोखंडी गार्ड. डॅशबोर्डखाली रेडिएटरच्या पंख्याचा वेगळा स्विच. बॉनेटच्या आत बॅटरीजवळ दोन रिले. दोन सुरांचा हॉर्न. मागच्या खिडकीच्या चौकटीला दोन हुक. काचांच्या कडेला जुन्या काळ्या फिल्मचा चिकट अंश. आणि डिकीच्या तळाला रबरी बुचं लावलेली चार भोकं. ही भोकं धरायची की नाही, कळेना. भोक ही काही वस्तू नाही. पण यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती.

ही सगळी कामं बाबांनी आणि आमच्या मिस्त्रींनी मिळून केलेली. बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक, नेमणूक बरीच वर्षं अर्जुनी मोरगावकडे. मिस्त्री राईस मिलमध्ये इंजिन आणि पट्टे सांभाळता सांभाळता गाड्यांकडे वळलेले. दोघांनाही गाडी ही पुरी झालेली वस्तू आहे, असं कधी वाटलंच नाही. मला ते लहानपणी फक्त आमच्याच घरचं खूळ वाटायचं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की त्यामागे मोठा इतिहास आहे.

दोन गाड्यांचा देश

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या, पुढे फियाट आली आणि तिचीच सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्स १९५८पासून अँबेसेडर बनवत होती. तिचा मूळ आराखडा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. पुढची पंचवीस वर्षं मध्यमवर्गीय भारतीयाला कार घ्यायची तर निवड साधारण एवढीच. त्यातही गाडी मिळायची ती नंबर लावून, आणि तो नंबर यायला वर्षं जायची.

आज फोन जुना झाला की आपण नवा घेतो. नवीन गाडी मिळतच नसेल तर? मग जुनीच सुधारायची. आपल्याकडच्या गाडी-दुरुस्तीची सगळी संस्कृती या टंचाईतून आली. इंजिन झिजलं तर बोअर करून मोठे पिस्टन टाकायचे. पत्रा सडला तर कापून नवा जोडायचा. मूळ पार्ट मिळाला नाही तर खरादीवर करून घ्यायचा. जी गाडी वीस वर्षं चालवायची आहे ती वीस वर्षांत तशीच कशी राहील?

यातला सगळ्यात धाडसी प्रकार म्हणजे इंजिनच बदलणं. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि डिझेल बरंच स्वस्त राहिलं. अँबेसेडरला कंपनीचं डिझेल इंजिन १९८०च्या सुमारास मिळालं, पण ते होतं १,४८९ सीसीचं आणि अशक्त. मिस्त्री लोकांनी वेगळा रस्ता काढला. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोची मॅटॅडोर व्हॅन बनायची. तिचं डिझेल इंजिन दणकट. ते जुन्या अँबेसेडरच्या लांबरुंद बॉनेटखाली बसवायचं, माउंटिंग बदलायची, सस्पेन्शन थोडं जड करायचं. झाली डिझेल टॅक्सी. देशभर अशा अँबेसेडर धावल्या. आमच्या मिस्त्रींनीही तरुणपणी असं काम केलेलं. ते सांगायचे, "आवाज मॅटॅडोरचा, बसणं साहेबाचं!"

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा काळ १९०८ ते १९२७. दीड कोटी गाड्या बनल्या. इतकी स्वस्त गाडी द्यायची तर बऱ्याच गोष्टी गाळाव्या लागतात. सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर मॉडेल टीला पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली उतरतं, त्यावरच इंजिन थंड ठेवायचं. सपाट रस्त्यावर चालून जायचं, पण उन्हात चढ लागला की पाणी उकळायचं. मग शेतकरी टपालाने पंप मागवून घरीच बसवायचे. शॉक अॅब्सॉर्बर बसवायचे. गाडीचा ट्रॅक्टर करण्याचे किटसुद्धा विकत मिळायचे. ज्या गाडीने अमेरिकेला चाकांवर आणलं, ती लोकांनी अंगणात पाना घेऊन पुरी केली.

आठशे सीसी आणि पंचेचाळीस अंश

१४ डिसेंबर १९८३ला मारुती ८००च्या पहिल्या ग्राहकाला इंदिरा गांधींच्या हस्ते किल्ली मिळाली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. जपानच्या सुझुकीची छोटी गाडी. १९८६मध्ये तिचं रूप बदललं आणि तेच रूप थोड्याफार फरकाने जानेवारी २०१४पर्यंत, उत्पादन बंद होईस्तोवर टिकलं. अँबेसेडरही त्याच वर्षी बंद पडली.

मारुती कमी बिघडायची, तरीही मिस्त्री बेकार झाले नाहीत. कारण गाडी जपानच्या हवेचा विचार करून आखलेली आणि ती चालवायची होती गोंदियाच्या मे महिन्यात. इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, डांबर मऊ होतं, रेल्वे फाटकावर मालगाडी जाईपर्यंत इंजिन चालू ठेवून उभं राहावं लागतं. आमच्या गाडीचा रेडिएटरचा पंखा विजेवर चालणारा. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की एक थर्मोस्विच तो सुरू करतो. तो स्विच बिघडला की पंखा फिरत नाही, काटा लाल रेघेकडे सरकतो आणि हेड गॅस्केट उडतं. आमचं एकदा उडालं. मिस्त्री म्हणाले, "सर, गाडी गरम होऊन राहिली तं वाट कायले पाहाची? आपणच पंखा लावून टाकू." डॅशबोर्डखाली तीस-चाळीस रुपयांचा स्विच आला. मॉडेल टीच्या शेतकऱ्याने बसवलेला पंप आणि आमचा हा स्विच, दोन्ही एकाच दुखण्यावरचं औषध.

खिडकीचे हुकही उन्हासाठीच. आमच्या गाडीला एसी नव्हता. विदर्भात घराला वाळ्याची ताटी लावतात, तशी आईने गाडीच्या खिडकीसाठी वाळ्याची छोटी जाळी शिवली. निघताना ती भिजवायची, मागच्या खिडकीला अडकवायची, वाटेत बाटलीने पाणी शिंपडायचं. आम्ही भावंडं त्या वासात झोपून जायचो. हे गावठी वाटेल, पण अमेरिकेच्या वाळवंटी भागात १९३०च्या दशकापासून कारच्या खिडकीला बाहेरून टांगायचे पाण्याचे कूलर मिळायचे, तत्त्व तेच. एक लिटर पाणी वाळताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता खेचून घेतं. म्हणजे एक किलोवॉटचा हीटर चाळीस मिनिटांत जेवढी उष्णता देईल तेवढी. हवा कोरडी असेपर्यंतच हे जमतं. मृगाचा पाऊस पडला की जाळी नुसतीच ओली राहायची आणि आई ती काढून ठेवायची.

दहा टक्के आणि तीस टक्के

रिलेंची गोष्ट मला नीट आठवते, कारण टॉर्च मी धरला होता.

बाबा शनिवारी संध्याकाळी अर्जुनी मोरगावहून निघायचे. कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ओलांडला की गोरेगावच्या आधी मुरदोलीचं जंगल लागतं. रात्री रस्त्यावर चितळ, रानडुक्कर, कधी नुसतीच बसलेली गाय. आमच्या गाडीचे दिवे पिवळट, कंदील टांगल्यासारखे. एकदा रानडुकराला वाचवताना गाडी रस्त्याखाली उतरली. कुणाला लागलं नाही. पण बाबा दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींकडे गेले आणि म्हणाले, शंभर वॉटचे बल्ब टाका.

मिस्त्रींनी नकार दिला. त्यांनी मीटर काढलं. बॅटरीवर व्होल्टेज नीट होतं. तेच बल्बच्या मागच्या पिनांवर मोजलं तर दहा टक्क्यांहून जास्त कमी. बाकीची वीज वाटेत गळत होती. बॅटरीतून निघालेली वायर आत स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जाते आणि परत पुढे दिव्यांकडे येते. वायर बारीक, कनेक्टर जुने. साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअर. एवढा प्रवाह त्या बारीक वाटेने न्यायचा.

गंमत अशी की हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, फार वेगाने होतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो. म्हणजे बल्ब ठीक होता, त्याला खायला मिळत नव्हतं. शंभर वॉटचा टाकला असता तर तीच बारीक वायर आणखी तापली असती, होल्डर वितळला असता आणि समोरून येणारा आंधळा झाला असता तो वेगळाच.

रिले म्हणजे छोटा विजेचा चाकर. स्विचने त्याला फक्त इशारा करायचा. खरा प्रवाह तो बॅटरीतून जाड वायरीने सरळ बल्बला देतो. एक रिले लांबच्या दिव्याला, एक जवळच्या. दोघांना आपापला फ्यूज. मिस्त्रींनी काम संपवल्यावर एक वायर मुद्दाम पत्र्याला लावून शॉर्ट केली. फट् झालं, फ्यूज उडाला, बाकी काही नाही. मग नवीन फ्यूज टाकून म्हणाले, "आता हे खराब झालं तं फक्त अंधार होईल. आग नाही लागणार."

त्या वाक्याचं वजन कळायला मला दोन वर्षं लागली.

चार भोकं

पेट्रोल वाढत होतं. बाबांचा महिन्याचा प्रवास मोठा, पगार मास्तरचा. तेव्हा गावोगाव गाड्यांमध्ये गॅस किट बसत होते. कायद्याने वाहनात एलपीजी वापरायला परवानगी मिळाली होती. त्यासाठी २००१चा केंद्राचा आदेश आहे. पण परवानगी होती ती मान्यताप्राप्त किटला आणि गाडीच्या खास टाकीला. ऑटो एलपीजीचा पंप आमच्या आसपास नव्हता. स्वयंपाकाचं सिलिंडर मात्र घरोघरी होतं. त्यामुळे लोक डिकीत तेच बसवत. ते बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बाबांनाही. शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हे केलं, हे मी इथे लिहितोय, कारण हे वगळून बाकीचं लिहिलं तर तो खोटेपणा होईल.

आमच्या मिस्त्रींनी हे काम घेतलं नाही. बाबांनी ते दुसऱ्या गावाहून करून आणलं. डिकीच्या तळाला चार भोकं पाडून पट्टी बसवली, त्यात लाल सिलिंडर आडवं.

२००५च्या हिवाळ्यात एका लग्नाहून परतत होतो. कोहमारा मागे पडलं होतं. मागच्या सीटवर मी आणि धाकटी बहीण. आई म्हणाली, "वास येऊन राहिला." बाबा म्हणाले, "बाहेरचा असेल." आई म्हणाली, "मी रोज चुलीशी उभी राहते. थांबवा गाडी."

बाबांनी गाडी थांबवली, किल्ली काढली. आईने आम्हाला ओढून लांब नेलं. बाबांनी डिकी उघडली, अंधारात चाचपून सिलिंडर बंद केलं आणि चारही दारं सताड उघडी टाकली. तेवढ्यात मागून येणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर मदतीला उतरला आणि आमच्याकडे चालत आला. हातात पेटलेली विडी.

आई ओरडली, "भाऊ, तिकडेच थांबा!"

तो थांबला. विडी पायाखाली चिरडली आणि तिथूनच विचारलं, "गॅसची आहे का?" कोणीच उत्तर दिलं नाही. अर्धा-पाऊण तास आम्ही थंडीत रस्त्याच्या कडेला उभे होतो. मग पेट्रोलवर हळूहळू घरी आलो. बाबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सिलिंडर, पट्टी, नळी सगळं निघालं. भोकं राहिली.

नंतर मी यामागचं शास्त्र वाचलं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो, सीटखाली, पायांशी. गाडीसाठी बनवलेली टाकी ऐंशी टक्के भरली की आपोआप भरणं बंद होतं. नळी तुटून गॅस जोरात वाहू लागला तर तिचा व्हॉल्व्ह स्वतःच मिटतो. तिच्या तोंडावर बंद डबी असते, गळलेला गॅस तिच्यातून नळीने गाडीबाहेर जातो. स्वयंपाकाच्या सिलिंडरला यातलं काहीच नसतं. म्हणजे रिलेच्या कामात जो फ्यूज होता, तो या कामात नव्हता. हे बिघडल्यावर काय होईल, या प्रश्नाला इथे "फक्त अंधार" असं उत्तर नव्हतं. त्या रात्री आमचा फ्यूज म्हणजे आईचं नाक होतं.

कायदा काय विचारतो

मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. मूळ कलमात बदल करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून मंजुरी घ्यायची सोय होती. २०००च्या दुरुस्तीनंतर दार बरंच अरुंद झालं: आरसीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदलच करायचा नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या मान्य किटला अटींसह सूट. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात याच अर्थावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला, दर बदलामागे, ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याआधी २०१२मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्म गेल्या होत्या. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना समोरच्या लोखंडी गार्डवर कारवाई करायला सांगितलं. धडकेत तो गार्ड पायी चालणाऱ्याला जास्त जखमी करतो आणि दणका थेट सांगाड्याला देतो.

मॅटॅडोरचं हृदय लावलेली अँबेसेडर या चौकटीत बसत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार यांची गाडीही बसली नाही. त्यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप मुलासाठी बनवली. डिसेंबर २०२१मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि हेही सांगितलं की नियमांत बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल. त्या गाडीच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. मला त्या बातमीने आनंद झाला आणि थोडं उदासही वाटलं. हाताने केलेल्या गाडीला बक्षीस मिळालं ते कारखान्यातल्या गाडीचं.

पण त्या हिवाळी रात्रीनंतर कायद्याला नुसता शिव्या देणं मला जमत नाही. मिस्त्री विचारायचे, "बिघडलं तर काय होईल?" कायदा विचारतो, "कंपनीने लिहिलंय तसं आहे का?" पहिला प्रश्न अधिक चांगला आहे. पण तो विचारायला समोर जाणता माणूस लागतो, आणि तो प्रत्येक गॅरेजमध्ये नसतो. देशातल्या कोट्यवधी गाड्यांसाठी नियम करताना कायदा दुसरा प्रश्न निवडतो. त्यात आमचं डिकीतलं सिलिंडर पकडलं जातं आणि लोहारांची कलाही.

आता नव्या गाड्यांमध्ये हा वादच मिटत चाललाय. पंखा, दिवे, इंजिन, सगळं संगणकाच्या हातात. कुठली वायर कापली तर कुठला दिवा डॅशबोर्डवर पेटेल, सांगता येत नाही. जुन्या कारचं इलेक्ट्रिक रूपांतर कायद्याने करता येतं, पण किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेलं हवं. हे बरोबरच आहे. फक्त टॉर्च धरून उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला त्यात काय दिसणार, एवढं वाटतं.

यादी

त्या रविवारी मी गार्ड काढला. बोल्ट गंजलेले, दोन तास गेले. दोन सुरांचा हॉर्न काढून साधा लावला. काचेवरचा चिकट अंश रॉकेलने पुसला. पंख्याचा स्विच ठेवला. रिले ठेवले. आरसीतला एकही तपशील त्यांनी बदलत नाही. हुक ठेवले, आई होती म्हणून. तिने खिडकीशी येऊन विचारलं, "ते काढतोस का?" मी नाही म्हणालो.

भोकांची बुचं कडक झाली होती. ती मी काढली, नवीन आणून घट्ट बसवली.

कार्यालयात निरीक्षकांनी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतला, तो आरसीशी ताडला. हॉर्न वाजवायला सांगितला. ब्रेक बघितले. मग म्हणाले, "लाइट लावा." ढगाळ दुपार होती. मी आधी जवळचा, मग लांबचा लावला. समोरच्या भिंतीवर दोन पांढरे ठसे उमटले.

"जुन्या गाडीच्या मानाने लाइट चांगला आहे," ते म्हणाले. "बल्ब मोठे टाकले काय?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "कंपनीचेच आहेत."

ते खरंच होतं. बाबा असते तर त्यांनी तिथेच बॉनेट उघडून, मीटर मागवून, दहा टक्क्यांत तीस टक्के कसे जातात ते साहेबांना समजावलं असतं. मी फक्त दिवा बंद केला.